सरळ वाटेवरचे फिरणे

कोनीय संवेग हा केवळ फिरणाऱ्या वस्तूंचा गुणधर्म आहे, अशी समजूत पाठ्यपुस्तकांतील भोवऱ्यांच्या आणि चाकांच्या चित्रांवरून सहज होते; परंतु या राशीचे खरे सौंदर्य उमगते ते सरळ रेषेत, एकाच वेगाने जाणाऱ्या कणापाशी. समजा, २ किलोग्रॅम वस्तुमानाचा एक कण सेकंदाला ३ मीटर वेगाने चालला आहे आणि त्याच्या वाटेपासून ४ मीटर लंबांतरावर एक बिंदू निवडला आहे. वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, म्हणजे संवेग, येथे ६ भरतो. कण बिंदूच्या अगदी समोर येतो तेव्हा बिंदूपासून कणापर्यंतचा स्थिती सदिश ४ मीटर लांबीचा आणि संवेगाशी काटकोनात असतो, म्हणून कोनीय संवेगाचे परिमाण, म्हणजे अंतर, संवेग आणि दोन सदिशांमधील कोनाचा साइन यांचा गुणाकार, २४ येते. कण ३ मीटर पुढे सरकला की अंतर ५ मीटर होते, पण कोनाचा साइन १ वरून ४/५ वर उतरतो, आणि ५, ६ व ४/५ यांचा गुणाकार पुन्हा २४च येतो. अंतर वाढत राहते, कोन बदलत राहतो, तरीही दोहोंच्या मेळातून उरणारी संख्या तसूभरही हलत नाही. हाच बिंदू कणाच्या वाटेवर निवडला असता तर उत्तर शून्य आले असते. म्हणून कोनीय संवेग विचारताना ‘कशाभोवती?’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

दिशेची गोष्ट अधिक विलक्षण आहे. उजव्या हाताची बोटे स्थिती सदिशाकडून संवेगाकडे वळवली की ताठ अंगठा जिकडे रोखला जातो ती कोनीय संवेगाची दिशा, असा नियम आहे. मात्र त्या दिशेने काहीच सरकत नसते. कण ज्या प्रतलात फिरतो त्यात दिशा असंख्य असतात आणि कणाचा वेग क्षणोक्षणी त्यांतील वेगळी दिशा धरू शकतो. त्या संपूर्ण प्रतलाची ओळख सांगणारी रेषा एकच, ती म्हणजे त्याचा लंब. लंबाच्या दोन टोकांपैकी कोणते घ्यायचे एवढाच भाग संकेताचा आहे. विद्यार्थी बहुधा परिमाण काढून थांबतो आणि दिशा एका गुणापुरती लिहून टाकतो, हे खेदाचे आहे, कारण अर्धा अर्थ तेथेच असतो.

परिमाण आणि दिशा या दोहोंची साक्ष सूर्याभोवतीची पृथ्वी देते. सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ३०.२९ किलोमीटर असतो, तर १५.२१ कोटी किलोमीटरवर तो सुमारे २९.२९ होतो, दोन्ही ठिकाणी वेग कक्षेच्या त्रिज्येला लंब असतो आणि अंतर व वेग यांचे दोन्ही गुणाकार जवळजवळ तंतोतंत जुळतात. समान काळात समान क्षेत्रफळ, हा केप्लरने १६०९ मध्ये मांडलेला नियम म्हणजे हीच परिमाणाची स्थिरता. आणि ग्रहाने आपले प्रतल न सोडणे ही दिशेची स्थिरता. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त हा नियम सिद्ध करताना आरंभ केला तो बलाविना सरळ जाणाऱ्या वस्तूपासूनच: समान पाया आणि समान उंचीचे त्रिकोण, म्हणून समान क्षेत्रफळे. वरच्या उदाहरणातील कणही दर सेकंदाला ६ चौरस मीटर क्षेत्र व्यापतो.

पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचा कोनीय संवेग सध्या ध्रुवताऱ्याच्या दिशेकडे रोखलेला आहे. चंद्र आणि सूर्य यांची ओढ पृथ्वीच्या विषुववृत्तीय फुगवट्यावर बलआघूर्ण निर्माण करते. हे आघूर्ण, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम, कोनीय संवेगाला लंब असल्याने त्याचे परिमाण न बदलता केवळ दिशा वळवते, आणि अक्षाचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांत पुरा होतो. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेला सुरू होते, परंतु मकरसंक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने चालणाऱ्या निरयन पंचांगानुसार १४-१५ जानेवारीला येते, हे अंतर याच वळण्यातून साठले आहे. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये, अक्षाच्या वळण्यामुळे नक्षत्रांतून सरकत जाणारा वसंतसंपात मृगशीर्षात होता त्या काळाचा वेध घेऊन वेदांचे प्राचीनत्व मांडले. त्यांच्या निष्कर्षाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण ज्या घड्याळावर त्यांनी भिस्त ठेवली ते दर ७२ वर्षांनी सुमारे एक अंश या गतीने आजही चालू आहे.