चहाचा रंग

हाताला कंप सुटलाय हे आधी चिमट्याला कळलं. सही अजून जुनीच येते. पण भिंगाखाली कोळशाच्या फटीतलं केसाहून बारीक मूळ ओढताना चिमटा आपटला आणि कोळशाचाच भुगा झाला. तेव्हापासून कार्बन-कालमापनाच्या नमुन्यांतली मुळं वेचायचं काम माझ्या विद्यार्थिनीकडे गेलं. बरी वेचते. माझ्यापेक्षा बरी, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मुळं निदान दिसतात तरी. माझं खरं वैर ह्युमिक आम्लाशी. दख्खनच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पावसात वरचं कुजकं त्यांतून खाली, तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीपर्यंत झिरपतं. ते धुवायला कॉस्टिक सोडा घातला की बीकरमध्ये पाण्याचा चहा होतो. ओता, पुन्हा घाला, पुन्हा चहा. थांबायचं कधी? कारण जुना, कुजत आलेला कोळसाही कॉस्टिकमध्ये विरघळतो आणि तोही तसाच चहा देतो. घाण कुठे संपली आणि नमुना कुठे सुरू झाला, हे रंग सांगत नाही. लवकर थांबलो आणि पाच टक्के आजचा कार्बन राहिला, तर तीन हजार वर्षांचा कोळसा सुमारे १८० वर्षांनी तरुण ठरतो.

उत्खननवाल्यांना याचं काही नसतं. एकाने कोळसा कापसात गुंडाळून पाठवला होता, जपून म्हणे. कापूस म्हणजे कालपरवाचा कार्बन! इनामगावच्या उत्खननाच्या तारखा टीआयएफआर आणि पीआरएलच्या प्रयोगशाळांत निघाल्या, तेव्हाचे ± शंभरेक वर्षांचे. आम्ही बेंझिन करायचो, काही ग्रॅम कार्बन लागायचा. आता त्वरकावर कार्बन मोजणाऱ्यांना मिलिग्रॅमभर पुरतो आणि ± २५ ऐटीत छापतात. त्यात माझा चहा कुठे धरलाय, विचारलं की हसतात.

ऐट माझीही होती. 'माझं पाणी काचेसारखं निघतं' असं मी परिषदांत सांगत फिरायचो. त्यापायी एका नमुन्याला सात वेळा कॉस्टिक दिलं. सातव्या खेपेला पाणी खरंच काचेसारखं निघालं. तळाशी काही उरलं नव्हतं. त्या थरातला तेवढाच कोळसा होता. नोंदवहीत मी लिहिलं, 'नमुना अपुरा'. कमी पाठवल्याबद्दल खणणाऱ्याने पत्रातून क्षमा मागितली. मी ती केली.

परवा विद्यार्थिनी तिसऱ्या खेपेलाच थांबली. पाणी अजून पिवळसर होतं.

"आणखी एकदा?"

"सर, कोळसा मऊ पडायला लागलाय," म्हणाली आणि शेवटचं आम्ल ओतलं.

संध्याकाळी ती गेल्यावर मी ते काढून ठेवलेलं पाणी खिडकीशी धरलं. बीकर हलत होता, रंग काही नीट दिसेना.