कानामागचा साहेब

ऐकण्याचे काम कान करतात अशी एक समजूत आहे. बँकेत कर्ज काउंटरवरचा कारकून देतो, या समजुतीइतकीच ती खरी आहे. आम्ही फक्त अर्ज घेतो. सही आतल्या केबिनमधून येते. कानांचेही तसेच. हवेतली कंपने गोळा करून ते आत पाठवतात. त्यांचा मालकंस समजायचा की मांजरांचे भांडण, हे ठरवणारा साहेब दोन कानांच्या मधोमध बसलेला असतो. त्याला मेंदू म्हणतात.

जुन्या टेलिफोनचेच घ्या. त्याच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जायचा. पुरुषाच्या आवाजाचा पायाचा स्वर असतो शंभर-सव्वाशे हर्ट्‌झच्या आसपास. म्हणजे तो तारेत शिरतच नव्हता. तरी हेड ऑफिसातून फोन आला की पलीकडचा भारदस्त आवाज ऐकून माणसे खुर्चीतून उठून उभी राहायची! वरचे जे उपस्वर पोचायचे, त्यांच्यातली अंतरे मोजून मेंदू पायाचा स्वर स्वतःच भरायचा. खिशातल्या ट्रान्झिस्टरवर तंबोऱ्याची खर्जाची तार ऐकू यायची, ती याच हिशेबाने. आमच्याकडे पदरचे घालून कोणी कॅशचा मेळ जमवला तर चौकशी लागते. मेंदू हाच उद्योग जन्मभर करतो आणि आपण त्याला रसिकता म्हणतो.

१९७० साली रिचर्ड वॉरेन या मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार कापून त्या जागी खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला. खोकला नेमका कुठे आला, ते मात्र सांगता येईना. आपल्या मैफलींच्या जुन्या टेपा आपण माना डोलवत ऐकतो, त्या अशा साहेबाच्या भरवशावर. नाहीतर पहिल्या रांगेतल्या खोकल्यांतून ख्याल शोधायचा कसा?

आमच्या मेहुण्याला हे पटत नाही. परवा त्याने स्पीकरसाठी नवी तार आणली. किंमत ऐकून मला सोसायटीचा वर्षाचा मेंटेनन्स आठवला.

"भाऊजी, डोळे मिटा. सतारीची मींड कशी मोकळी झालीय बघा!"

मी डोळे मिटले. सासुरवाडीला जेवायला गेलेला जावई आणखी करणार काय?

त्याची बारा वर्षांची मुलगी मात्र खट्याळ. म्हणाली, "बाबा, तू भिंतीकडे तोंड कर. मी कधी जुनी तार लावीन, कधी नवी. ओळख बघू." मेहुणा भिंतीकडे वळला. दुसऱ्या खेपेला उसळून म्हणाला, "ही नवी! काय खोली आहे आवाजाला!" कार्टी माझ्या कानाशी लागून कुजबुजली, "आतोबा, तार मी बदललीच नाही. आवाज जरासा वाढवला."

आवाज किंचित मोठा झाला की मेंदू त्याला 'मोठा' म्हणत नाही, 'चांगला' म्हणतो. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी सुपर ऑडिओ सीडीचा आवाज एकदा तसाच आणि एकदा साध्या सीडीच्या मापातून गाळून लोकांना ऐकवला. दोन्हींची पातळी काटेकोर सारखी ठेवली आणि कुठला कोणता ते सांगितले नाही. ५५४ खेपांत बरोबर उत्तरे आली २७६. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढीच आली असती! त्यातून आमच्या चाळिशीच्या कानांना वीस हजार हर्ट्‌झच्या बाता सांगून उपयोग काय? तो वरचा मजला केव्हाच बंद झालेला असतो. आणि असली यंत्रे घेण्याइतके पैसे साठतात ते नेमके त्याच वयात.

मग सगळा भ्रमच म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. माझ्याकडे एक कॅसेट आहे. मी लहान असताना वडिलांनी टू-इन-वनवर भरलेली. आई स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणतेय, तिने स्वतःच जुळवलेली अंगाई, मध्ये माझे नाव. शेजारी स्टोव्ह भरभरतोय. मला त्यात आईचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. माझ्या मुलाला ती ऐकवली तेव्हा तो म्हणाला, "बाबा, ही तर नुसती खरखर आहे." त्याचे बरोबर होते. आजी गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. त्याच्या खात्यात तिची शिल्लकच नव्हती. त्याचा मेंदू पदरचे घालणार कुठून?

मी त्या अंगाईचे शब्द त्याला कागदावर लिहून दिले आणि कॅसेट पुन्हा लावली. दुसऱ्याच ओळीला तो ताठ बसला. "अरे, ऐकू येतंय! तुमचं नाव घेतलं आत्ता!"

कॅसेट तीच, स्टोव्ह तोच, त्याचे कानही तेच. आतल्या साहेबाला फक्त कागदपत्र मिळाले होते. त्या संध्याकाळी त्याने ती तीनदा लावायला लावली. तिसऱ्या खेपेला आजीबरोबर हलकेच गुणगुणलासुद्धा.

मेहुण्याला यातले काही कळवलेले नाही. तो कॅसेटसाठीसुद्धा नवी तार घेऊन येईल.