दोन राज्यांतलं घर

आमच्या पांढुर्ण्यात घराचा पसारा भिंतींवरून मोजत नाहीत. आईचं माहेर नरखेडचं, आत्या काटोलला, बहीण सौंसरला दिलेली, अन् दुखणं वाढलं की नागपूर. सौंसर सोडलं तर ही सगळी गावं महाराष्ट्रातली; आम्ही मध्य प्रदेशात. पण सकाळच्या पॅसेंजरनं नरखेडला जाऊन सांजेला परतणाऱ्या आईला, आपण दुसऱ्या राज्यात जाऊन आलो असं कधी वाटलंच नाही. तिकडेही बोली हीच, ताटात झुणका-भाकर हीच. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे रेल्वे थांबली, 25 तारखेला टाळेबंदी लागली, आणि माहेर परराज्यात असल्याचं तिला फोनवर कळलं.

आजीला तर ते पटेचना. तिच्या लहानपणी आमची राजधानी नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी भोपाळ झाली, कचेरीत हिंदी स्थिरावली, चुलीपाशी मराठी तशीच राहिली. "नागपूरले जाले पास कायले लागते रे बाप्पा?" ती दर दोन दिवसांनी विचारायची. मी समजावून सांगायचो, ती ऐकून घ्यायची, आणि पुन्हा विचारायची. आज वाटतं, तिचा प्रश्न माझ्या उत्तरापेक्षा खरा होता.

मृग बहाराची संत्री तेव्हा झाडावर होती. तोडीला मजूर नाहीत, माल न्यायला गाडी नाही. बाबा रोज बागेत जात आणि गळालेली फळं पोत्यात घालून आणत. ओसरीवर रास वाढत गेली, घराला आंबूस वास सुटला. आई रस काढी, साली वाळत घाली, गल्लीत घरोघर फळं वाटी. बाबा त्या राशीकडे पाठ करून जेवत. वर्षभराची मेहनत अशी डोळ्यांसमोर नासताना पाहणाऱ्या माणसाला धीर कसा द्यावा, हे आम्हां कुणालाच सुचलं नाही.

8 एप्रिलला हनुमान जयंती. सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निजलेला मारुती आहे; आम्ही सगळे तिथे भेटायचो. त्या वर्षी देऊळ बंद. बहिणीनं अंगणातच गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले आणि फोन निखाऱ्यांकडे धरला. आई इकडून सांगत होती, "उलटव आता, करपते." तिनं उलटवले. मायलेकींच्या मध्ये एकाच जिल्ह्यातला रस्ता होता, तरी वर्षातला तो एवढाच स्वयंपाक दोघींनी मिळून केला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव, मध्ये पात्रात रोवलेलं पळसाचं झाड. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावची मुलगी घेऊन निघाला, आणि नदीच्या मध्यावरच दोन्हीकडून दगड आले, अशी गोटमारीची कथा सांगतात. लहानपणी मला त्यात फक्त दगड दिसायचे. 2020 च्या पोळ्याला दारातच बैल पूजताना त्या दोघांची आठवण आली. एक काठ सोडला, दुसरा गाठता आला नाही. त्या साली किती घरं अशी पात्रात उभी होती!

दुसऱ्या लाटेनं मात्र माणूसच नेलं. 20 मार्च 2021 पासून मध्य प्रदेशनं महाराष्ट्राच्या बसगाड्या थांबवल्या. एप्रिलमध्ये आत्या नागपूरच्या दवाखान्यात गेली. बाबा स्वतः तापानं अंथरुणात. आत्याच्या दहाव्याला पाटावर फोन ठेवून ते भिंतीला टेकून बसले; भटजींचा आवाज मध्येच तुटायचा, आणि ते "हो, हो" म्हणत राहायचे. धाकट्या भावाला शेवटचं तोंड बघू न देणारी सीमा मी नकाशावरची रेघ मानू शकत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. कलेक्टर जवळ आले, बरं झालं. नागपूर मात्र आमच्यासाठी अजून दवाखान्याचं गाव आहे.

यंदा भाचीची सोयरीक नरखेडला जुळली. बोलणीत देण्याघेण्याचा विषय निघायच्या आधीच बाबांनी व्याह्यांना विचारलं, "पुन्हा रस्ते बंद झाले, पोरगी इकडे अडकली किंवा तिकडे, तर तिच्या मायले रोज फोन लावून द्यान ना?" व्याही म्हणाले, "फोन कायले, मी स्वतः सीमेवर आणून सोडीन." बाबांनी तेवढ्यावर सुपारी फोडायला सांगितली.