स्क्रीन बंद नव्हती!

मामेभावाने अमेरिकेत शिकताना वापरलेला टीआय-83 प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मी नायगावच्या आमच्या शाळेत, चौथीच्या वर्गात नेला. बटण दाबलं, तर स्क्रीन कोरीच. "बाई, हा बंद पडलाय," मुलांनी निकाल देऊन टाकला. मलाही तेच वाटलं.

संध्याकाळी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आधी सेकंड दाबून सोड, मग वरचा बाण धरून ठेव." तसं केलं आणि फिकट अक्षरं हळूहळू गडद झाली. या स्क्रीनला स्वतःचा प्रकाश नसतो. आतल्या द्रव स्फटिकांवरचा विद्युतदाब बदलला की ठिपके गडद किंवा फिकट दिसतात. म्हणजे यंत्र चालूच होतं, आपल्याला दिसत नव्हतं एवढंच.

कोपऱ्यात 0 ते 9 अंक दिसतात, पण प्रत्येक अंकात चार पायऱ्या असतात. 10 गुणिले 4, एकूण 40. यंत्राच्या आत त्या 0 ते 39 अशा मोजल्या जातात. प्रोग्रॅम लिहून गडदपणा बदलायचा असेल, तर पायरीच्या आकड्यात 216 मिळवून ती संख्या स्क्रीनला पाठवतात. 216 अधिक 39 म्हणजे 255. आठ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या! त्यापुढे 1 मिळवला की शून्य होतो आणि ती वेगळीच आज्ञा ठरते. म्हणून प्रोग्रॅममध्ये आधी अट घालावी लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हाच खेळ केला. जमिनीवर खडूने 0 ते 39 चौकोन आखले. "वर" म्हटलं की एक पाऊल पुढे, "खाली" म्हटलं की एक मागे. 39 वर पोहोचलेला मुलगा थांबला, "बाई, पुढे घरच नाही!" मग मुलांनीच नियम केला: संख्या 39 पेक्षा लहान असेल तरच 1 मिळवायचा. अट म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

नंतर कॅल्क्युलेटर बाकांवरून फिरवला. बघण्याचा कोन बदलला की गडदपणाही बदलतो, त्यामुळे प्रत्येकाला वेगळी पायरी हवी होती. खिडकीजवळची एक मुलगी बाण दाबतच राहिली. मग सहज म्हणाली, "बाई, इथून फळा पण असाच पुसट दिसतो."

मी गप्प झाले. तिच्या वहीत मीच दोनदा लिहिलं होतं, "लक्ष देत नाही."

त्याच दिवशी तिची जागा बदलली, खिडकीला पडदा लावला आणि तिच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितलं. वहीतला शेराही तिच्यासमोरच खोडला.

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, एखादं मूल "बंद" वाटलं, तर शेरा लिहिण्याआधी त्याच्या जागेवर जाऊन एकदा बसून बघा. तिथून फळा कसा दिसतो?