डब्यातल्या चिठ्ठ्या

गेल्या महिन्यात कामावरच्या एका लिनक्स सर्व्हरवर अपाचे सुरूच होईना. लॉगमध्ये तक्रार काय, तर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क बघितली तर निम्मी रिकामी! जुन्या लोकांना हा आजार माहीत आहे. जागा डिस्कवरची नाही, सेमाफोरची संपलेली असते.

त्याचं असं आहे मंडळी, एखादा प्रोग्रॅम मेला की त्याची मेमरी, उघडलेल्या फायली कर्नल मुकाट्याने परत घेतं. पण १९८३च्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सपासून चालत आलेल्या तीन गोष्टी मागे उरतात: सामायिक मेमरी, सेमाफोर आणि निरोपांची रांग. तेही मुद्दामच. एकाने निरोप ठेवून जावं, दुसऱ्याने नंतर कधीतरी उचलावा. दोघं एकाच वेळी जिवंत असायची गरज नाही. कोणी काढेपर्यंत, किंवा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत, ते तसंच राहतं. प्रोग्रॅम वारंवार धाडकन पडत राहिला की साठत जातं आणि मर्यादा भरते.

'आयपीसीएस' लिहिलं की यादी येते, 'आयपीसीआरएम'ने एकेक काढता येतं. तेही मालकाला, बनवणाऱ्याला किंवा रूटलाच. सामायिक मेमरीच्या बाबतीत कर्नल सभ्य आहे. कोणी जोडलेलं असेल तर नुसती खूण करून ठेवतं, शेवटचा सुटला की मग पुसतं. रांग आणि सेमाफोर मात्र तत्क्षणी जातात. वाट बघत बसलेल्याच्या हातात फक्त एरर. म्हणून त्याच मशीनवर डेटाबेस चालू असताना 'सगळंच काढ' म्हणायची माझी छाती होत नाही. अपाचे खरंच बंद आहे ना ते बघून, मालकाचं नाव तपासून, एकेक क्रमांक काढला. सुरू झालं.

पुढच्याच रविवारी विसरवाडीला गेलो होतो. सुरत-धुळे रस्त्यावरचं मामांचं दुकान मामी आता भाड्याने देतेय. फोन नव्हते तेव्हा आसपासच्या पाड्यांवरचे लोक गल्ल्याशेजारच्या बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवून जायचे. नवापूरकडे कामाला गेलेला भाऊ बाजाराच्या दिवशी येऊन उचलायचा. (गावाच्या नावावरून कोणी चेष्टा केली की मामा हा डबाच पुढे करायचे :-) )

डब्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. एकीला टाचणीने दहाची नोट लावलेली. लिहिणारे कुठे, ज्यांच्यासाठी लिहिलं ते कुठे, आणि मामाही नाहीत. मी मामीला आमच्या यादीची गंमत सांगितली. रांगेत शेवटचं कोणी टाकलं, कोणी उचललं, तेवढं दिसतं म्हटलं.

"आणि वाट कोण बघतंय ते?" मामी म्हणाली.

ते त्या यादीत नसतं.

तिने चष्मा लावून सगळ्या वाचल्या, मोठ्याने नाही. सात चुलीत घातल्या. चार कमरेला खोचल्या, नोटवालीसुद्धा. त्या माणसांची मुलं अजून बाजाराला येतात म्हणे.