बरकतपुऱ्यातला अक्काचा समुद्र

हैदराबाद आणि आपला सीमाभाग यांचे नाते जुने आहे. १९५६ पर्यंत बिदर, भालकी, उदगीर ही सगळी गावे हैदराबाद राज्यातच होती. पुढे राज्य पुनर्रचनेत बिदर, भालकी म्हैसूरकडे गेले, उदगीर मुंबई राज्यात आले आणि हैदराबाद आंध्रात. सरहद्दी बदलल्या तरी सोयरिकी तशाच राहिल्या. आजही आपल्याकडच्या कितीतरी घरांतली एखादी मावशी, आत्या किंवा लेक हैदराबादला नांदते आहे. काचीगुडा, सुलतान बाजार, नारायणगुडा या भागांत फिरताना तेलुगू आणि दखनीच्या गलक्यात मधूनच मराठी कानावर पडते. १९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था याच परिसरातली.

बरकतपुरा या सगळ्यांना लागूनच आहे. १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्टेशनावर उतरून निंबोळी अड्ड्याच्या बाजूने रिक्षाने निघाले की थोड्याच वेळात बरकतपुऱ्याचे चमन येते. बसने इमलीबनला उतरणाऱ्यांसाठी २०२० पासून मेट्रोही आहे; सुलतान बाजारनंतर नारायणगुडा, आणि तिथून बरकतपुरा हाकेच्या अंतरावर. अंगण असलेली जुनी घरे आता कमी झाली. त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. त्यांतल्याच एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर माझी थोरली बहीण राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत चालणारे हे नाव.

अक्काच्या दिवाणखान्यात समुद्र आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची पेटी, साधारण दोनशे लिटरची. त्यात भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड, तळाला पांढरी वाळू आणि दोन क्लाऊन मासे. हे मासे समुद्रातून धरलेले नसून हौदात पैदास झालेले आहेत. पाहुणे त्यांच्याकडेच बघतात. २००३ च्या ‘फाइंडिंग नेमो’ चित्रपटाने हा मासा घरोघरी पोचवला. पण पेटीचा खरा मालक दिवसा दिसतच नाही. दगडाच्या कपारीतून एखादी काटेरी, दोरीसारखी शेपटी हलताना दिसली तर दिसते.

त्याचे नाव ब्रिटल स्टार. मराठीत आपण भंगुर तारा म्हणू. हा तारामाशांचा चुलत भाऊ. मधे रुपयाएवढी चकती आणि तिला पाच लांब, लवचिक हात. शास्त्रीय नावातील ‘ऑफियुरा’ हा शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ सापाची शेपटी. जगात याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. शत्रूने हात धरला तर हा तो हात तोडून टाकतो आणि निसटतो. पुढे काही महिन्यांत नवा हात उगवतो. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे आणि तिथून प्रत्येक हातात एक दोर, एवढाच कारभार. तोंड खालच्या बाजूला, आणि नको असलेले बाहेर टाकायलाही तेच तोंड! कपारीत साठलेली घाण, माशांनी टाकलेले अन्नाचे कण हे त्याचे जेवण. म्हणजे पेटीतला झाडूवालाच.

मी इतिहासाचा मास्तर. हे सगळे मला भाच्याने शिकवले. पेटी त्याचीच. इंजिनिअरिंगला असताना त्याने पैसे साठवून ती उभी केली. दोन वर्षांपूर्वी त्याला पुण्याला नोकरी लागली. जाताना तो म्हणाला, “मामा, आईला हे झेपणार नाही. कुणाला तरी देऊन टाकतो.” अक्का स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन एवढेच म्हणाली, “जीव आहे तो. जुना कूलर आहे का देऊन टाकायला?”

आणि खरोखर, सोडायचा तरी कुठे? हुसेनसागरात सोडला तर गोड्या पाण्यात तो तग धरणार नाही. मोटारीने गेले तरी सर्वांत जवळचा समुद्र तीनशे किलोमीटरच्या पुढे. शिवाय कुठल्या समुद्रातून आलेला जीव कुठल्या समुद्रात सोडणार? पेटीत राहिलेल्या प्राण्याबरोबर तिथल्या भलत्या गोष्टीही मूळ समुद्रात जातात, म्हणून असे सोडणे योग्यही नाही. एकदा घरात आणला की त्याचा समुद्र आपणच.

हा समुद्र करावा लागतो. हैदराबादला मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणी येते. तिन्ही नद्या आपल्याच. मांजरा तर आपल्या बिदर जिल्ह्यातून पुढे जाते. नळाचे पाणी आधी यंत्रातून काढून अगदी कोरे करायचे, मग त्यात समुद्राचे खास मीठ घालायचे. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम असे बरेच काही लागते. लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे सगळ्या पेटीला सात किलो. दर पंधरवड्याला वीस लिटर पाणी बदलायचे. आणि गंमत अशी, की पेटीतले पाणी उडते पण मीठ उडत नाही. रोज कोरे पाणी टाकून पातळी राखली नाही तर खारटपणा वाढत जातो. माशाला थोडे इकडेतिकडे चालते, भंगुर ताऱ्याला चालत नाही. त्याच्या अंगातले पाणी बाहेरच्या पाण्याइतकेच खारे असते आणि ते सांभाळायला मूत्रपिंड नाही. म्हणून नवा प्राणी आणला की नळीतून थेंबथेंब पेटीचे पाणी त्याच्या भांड्यात सोडत दीड-दोन तास बसावे लागते. माशांच्या औषधांत तांबे असेल तर तेही याला विष.

अक्काने हे सारे एका वहीत लिहून घेतले, भिशीच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर. पाणी ओतताना तिच्या तोंडात आपल्या माहेरचा शब्द असतो, “निधान, निधान.” कन्नडमध्ये सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा, हे मी तिला सांगितले तेव्हा म्हणाली, “दोन्ही खरेच की.”

मे महिना कसोटीचा. बाहेर चाळीसच्या वर आणि पेटीला पंचवीस-सव्वीस अंश हवेत. पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. एका दुपारी चार तास वीज नव्हती. अक्काने बॅटरीवरचा हवेचा पंप लावला, फ्रीजमधली बर्फाची बंद बाटली पेटीत तरंगत ठेवली आणि थर्मामीटरसमोर खुर्ची टाकून बसली. भाऊजींचा चहा त्या दिवशी भाऊजींनीच केला. घरात अंडेही येत नाही, पण ताऱ्याच्या गोळ्यांत माशाची भुकटी असते. त्यासाठी वेगळा डबा, वेगळा चिमटा. तेवढी सवलत देवघरापासून लांब राहून मिळाली आहे.

रात्री दहाला दिवे मालवले की तमाशा सुरू. अक्का लाल प्लास्टिक बांधलेली बॅटरी लावते. आधी एक हात कपारीबाहेर येतो, मग दुसरा, मग सगळा तारा वाळूवर. पुढचा एक हात दिशा धरतो आणि शेजारचे दोन वल्ह्यांसारखे रेटतात. वळायचे असेल तर अंग फिरवायची गरज नाही. दुसऱ्या हाताला पुढारी करायचे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या हेन्री अ‍ॅस्टली यांनी २०१२ मध्ये ही चाल मोजून दाखवली. त्याहून नवल २०२३ मधले. ड्यूक विद्यापीठाच्या ज्युलिया नोटार व सहकाऱ्यांना आढळले, की खाणे देताना दर वेळी दिवे मालवले तर काळे भंगुर तारे ‘अंधार म्हणजे जेवण’ हे शिकतात आणि मधे तेरा दिवस खंड पडला तरी विसरत नाहीत. मेंदू नसताना! मी हे सांगितल्यावर अक्का म्हणाली, “मला कधीचे माहीत आहे.”

भाच्याला पूर्वी जिवंत प्रवाळ ठेवायची हौस होती. ती अक्कानेच मोडली. आपल्याकडे खडक उभारणारी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. आपल्या समुद्रातून ती काढणे, विकणे, बाळगणे गुन्हा आहे. दुकानात मांडलेली प्रत्येक वस्तू घेण्याजोगी नसते. मोठा हिरवा भंगुर ताराही दुकानात मिळतो. पण तो रात्री कमान करून बसतो आणि खाली शिरलेला झोपाळू मासा फस्त करतो. तोही नको म्हणून सांगितले गेले.

नव्याची गरजही पडली नाही. गेल्या दिवाळीत अक्काला काचेवर तीळभर चांदण्या दिसल्या. ही भंगुर ताऱ्यांची एक चिमुकली जात; मोठी झाली तरी चकती पाच मिलिमीटरपलीकडे जात नाही. दगडाबरोबर किंवा वाळूबरोबर न सांगता घरात येते. ही जात पिले पोटातच वाढवते आणि तयार पिले बाहेर सोडते, त्यामुळे पेटीतही वाढत राहते. आता त्या किती आहेत मोजता येत नाही. “नाव उगीच नाही बरकतपुरा,” भाऊजी म्हणाले.

आपल्यापैकी कुणाच्या घरी मुलांनी अशा पेटीचा हट्ट धरला असेल, तर मी अक्काची वही वाचायला द्यायला तयार आहे. ती वाचून बहुतेक जण गोड्या पाण्यातल्या गप्पी माशांवर समाधान मानतील, आणि ते चांगलेच. भंगुर तारा बघायचाच असेल तर सुटीत मालवण, रत्नागिरी किंवा कारवारला ओहोटीच्या वेळी खडकांवर जावे. ओलसर दगड हलकेच उचलावा, खाली पाच हातांची वळवळ दिसते का बघावे. दिसली तर हात लावू नये, आणि दगड होता तसाच परत ठेवावा. निधान.