डॉनर घाटातील आमची संकरित गाडी

'हायब्रीड' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत उच्चारला की डोळ्यांपुढे प्रथम येते ती ज्वारी. १९६४ साली संकरित ज्वारीचे वाण निघाले आणि पुढे त्या ज्वारीस लोक नुसते 'हायब्रीड' म्हणू लागले. म्हणूनच २०११ साली आम्ही अमेरिकेतून वडिलांस पत्राने कळविले की, आम्ही एक जुनी हायब्रीड विकत घेतली आहे, तेव्हा त्यांचे उत्तर आले, "तिकडे ज्वारी पिकते हे ठाऊक नव्हते. पण तुला भाकरी कोण थापून देतो?"

शिक्षणाच्या निमित्ताने २०११ ते २०१३ अशी दोन वर्षे कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथे राहण्याचा योग आम्हांस आला. तेथे मोटारीवाचून माणूस लंगडा. एका निवृत्त शिक्षिकेने आपली २००२ सालची गाडी आम्हांस स्वस्तात दिली. गाडीचे नाव 'प्रियस'. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ 'आधी', 'पूर्वी'. सेमिनरीत घोकलेले लॅटिन मोटार घेताना उपयोगी पडेल, असे आम्हांस कधी वाटले नव्हते!

नाव सार्थच होते. जपानात टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये ही गाडी विक्रीस आणली. ताकेशी उचियामादा हे तिचे प्रमुख अभियंता. मोठ्या प्रमाणावर तयार झालेली जगातील ही पहिली संकरित मोटार. अमेरिकेत मात्र होंडा कंपनीची 'इनसाइट' ही दोन आसनांची गाडी डिसेंबर १९९९ मध्ये अगोदर पोहोचली; प्रियस आली ती २००० साली. तथापि कल्पना याहून पुष्कळ जुनी. फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात १९०० सालीच पेट्रोल व वीज यांची जोड घातलेली गाडी सिद्ध केली होती. तिचे नावही लॅटिनच, 'सेंपर विवुस', म्हणजे 'सदैव जिवंत'.

आमच्या गाडीत दीड लिटरचे पेट्रोल इंजिन होते आणि त्याच्या जोडीस विजेची मोटर. मागील आसनाच्या पाठीशी बॅटरी. "रात्री हिला कोठे जोडता?" असे जो तो विचारी. पण या गाडीस भिंतीतील विजेची गरजच नव्हती. ज्यांनी सायकलला डायनामो लावला आहे त्यांस हे चटकन उमगेल. डायनामो चाकाला टेकला की दिवा लागतो, पण पायडल जड होते. तो जडपणा हाच एक प्रकारचा ब्रेक. साध्या मोटारीत ब्रेक दाबला की गाडीचा वेग घासून घासून उष्णतेच्या रूपाने वाया जातो. आमच्या गाडीत ब्रेक दाबला की मोटर उलट काम करून डायनामो होई, आणि त्या वेगाचा काही भाग वीज होऊन बॅटरीत जमा होई. पुन्हा निघताना तीच वीज कामी येई. सिग्नलपाशी इंजिन आपोआप बंद पडे. प्रथम प्रथम आम्ही दचकत असू. पुढे त्या शांततेची गोडी लागली. इतर गाड्या शहरात अधिक पेट्रोल पितात; हिचे उलटे. अमेरिकन सरकारच्या त्या वेळच्या मोजणीप्रमाणे ही शहरात गॅलनला ५२ मैल धावे आणि हमरस्त्यावर ४५. म्हणजे लिटरला सुमारे २२ आणि १९ किलोमीटर.

ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात पेट्रोलचा भाव गॅलनला साडेचार डॉलरांच्या वर गेला, तेव्हा आमची गाडी अनेकांच्या कौतुकाचा विषय झाली. पण आमच्या मनात निराळीच काळजी होती. बॅटरी दहा वर्षांची झालेली. तपासणी करणारा कारागीर म्हणाला होता, "चालते आहे तोवर चालेल. लांबच्या घाटात मात्र नेऊ नका." नवी बॅटरी घालावयाची तर गाडीच्या किमतीएवढा खर्च होता. आम्ही घाटाचा विचार सोडून दिला होता.

त्याच महिन्यात एके सायंकाळी फोन आला. आपल्या खानापूर तालुक्यातील एक मावशी मुलाकडे सॅक्रामेंटोस आल्या होत्या. मुलगी रीनो शहरी बाळंतपणास टेकलेली. तिला दिवसांआधीच कळा सुरू झाल्या होत्या. मुलगा कामानिमित्त परगावी, जावई इस्पितळात. रीनो सुमारे २१५ किलोमीटर, आणि मध्ये सिएरा नेवाडाचा डोंगर. मावशी एवढेच म्हणाल्या, "फादर, पोरीची पहिलीच खेप आहे हो."

आम्ही निघालो. त्यांना कारागिराचे बोलणे सांगणे आमचे कर्तव्य होते, म्हणून सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बेतानं चालवा. मी जपमाळ काढते."

सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला. डॉनर घाटाचा माथा ७,२३९ फूट. एवढी उंची सुमारे १४० किलोमीटरांत चढावयाची. ऑबर्न हे सोन्याच्या शोधाच्या काळातील गाव मागे पडले, कोलफॅक्स गेले, देवदारासारख्या उंच वृक्षांची रांग सुरू झाली. गाडीच्या दर्शनी पडद्यावर बॅटरीचे चित्र असे. त्यातील पट्ट्या एकेक करून उतरू लागल्या. बॅटरी अगदी खाली गेली की समोर एक दिवा लागतो आणि त्या दिव्यावर कासवाचे चित्र असते. गाडी आता कासवाच्या गतीने चालेल, अशी ती सूचना. आमचे डोळे रस्त्यावर कमी आणि त्या जागेवर अधिक, हे ध्यानात आले तेव्हा आमची आम्हांसच लाज वाटली.

मग मावशींचा 'बेत' आठवला. आम्ही उजव्या बाजूस मालमोटारींच्या रांगेत शिरलो आणि त्यांच्या मागून सावकाश चढू लागलो. थोड्याच वेळात दिसले की पट्ट्या उतरावयाच्या थांबल्या. वेग कमी केल्याने एकट्या इंजिनास भार ओढता येऊ लागला आणि बॅटरीस उसंत मिळाली. आमच्या घाईनेच ती रिती होत होती.

वाटेत आम्ही मावशींस गाडीची रीत समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे वैलासारखंच की! चुलीवर भाकरी होते तोवर शेजारी वैलावर आमटी शिजते. जाळ तोच, वाया काही जात नाही." इतक्या थोडक्यात ही गाडी आम्हांस कोणी समजावून दिली नव्हती.

माथ्यापलीकडे खाली काळोखात डॉनर तलाव आहे. १८४६ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडे निघालेली बैलगाड्यांची एक तुकडी तेथे बर्फात अडकली. जवळच्या वाटेच्या मोहाने तिचे कित्येक दिवस वाया गेले होते. शिधा संपला, आणि पुढील वसंतापर्यंत त्यांतील जवळपास निम्मी माणसे मरण पावली. तेथे उभारलेल्या स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच आहे. त्या वर्षी बर्फ तेवढे चढले होते असे सांगतात. मावशींस त्या रात्री हे आम्ही सांगितले नाही.

रीनोस पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. कासव दिसले नाही. पहाटे मुलगी झाली. नातीला हातात घेऊन मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "फादर, गाडीला एक नारळ द्या माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही एकटेच होतो. माथा ओलांडला आणि उतरण लागली. आता पट्ट्या भराभर चढू लागल्या. आम्हांस मोठा हर्ष झाला. परंतु काही मैलांतच बॅटरी भरली आणि उरलेला सारा डोंगर तसाच खाली पडला होता. घरी येऊन आम्ही हिशेब मांडला. माणसांसह सुमारे साडेचौदाशे किलोची गाडी सॅक्रामेंटोपासून त्या माथ्यावर नेण्यास विजेच्या बिलातील साडेआठ युनिटांहून अधिक शक्ती लागते. आमची बॅटरी होती अवघी पावणेदोन युनिटांची; आणि ती दीर्घकाळ टिकावी म्हणून गाडीतील संगणक तिला कधी काठोकाठ भरू देत नाही, की तळापर्यंत रिती होऊ देत नाही. त्यामुळे खरी जागा एका युनिटाचीही नाही. डोंगर परत देण्यास तयार असतो; आपले भांडे लहान पडते. मग उतारावर दांडा 'ब' अक्षरावर आणावयाचा, म्हणजे इंजिन पेट्रोलाविना फिरून गाडीस धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. जे साठविता येत नाही ते निदान अपाय न करता जाऊ द्यावे, एवढेच हाती राहते.

२०१३ साली परत येताना ती गाडी आम्ही एका विद्यार्थ्यास दिली. देताना कारागिराचे बोलणे सांगितले, आणि मावशींचेही.

आता आपल्याकडेही अशा गाड्या आल्या आहेत. २०२२ पासून मारुती, टोयोटा व होंडा यांच्या संकरित गाड्या येथील रस्त्यांवर दिसू लागल्या. मागे एका कुटुंबाच्या अशाच नव्या गाडीतून जांबोटीमार्गे चोर्ला घाट उतरून गोव्यास जाण्याचा प्रसंग आला. तरुण चालक अभिमानाने म्हणाला, "फादर, पाहा, उतारावर फुकट वीज!" आम्ही त्यास सांगितले की फुकट नव्हे, बाबा, ही चढताना आपणच दिलेली, तिच्यातील थोडी परत मिळाली.

मावशी अद्याप चुलीवरच स्वयंपाक करतात. गेल्या खेपेस त्यांच्याकडे गेलो तेव्हा भाकरी तव्यावर होती आणि आमटी वैलावर. नात अमेरिकेहून आलेली, आजीच्या शेजारी बसून जाळ सारीत होती.